उलटे काळीज आणि मेंदूवरचा शिक्का

मराठी वर्तमानपत्रांना खुनी माणसासाठी शब्दांची ददात कधी पडली नाही. आमच्या शाळकरी वयात ‘नराधम’ हा शब्द रूढ होता. पुढे ‘विकृत’ आला. आता मेडशीच्या बसथांब्यावर, अकोल्याहून पातूरचा घाट चढून येणाऱ्या गाडीची वाट पाहत उभा असलेला सोयाबीनवाला शेतकरीही बातमी वाचून पेपराची घडी करतो आणि म्हणतो, ‘सायकोपॅथ आहे हा.’ भोवतालचे चौघे माना डोलावतात. त्या माना डोलावण्याविरुद्ध हा लेख आहे.

‘नराधम’ म्हणणारा न्यायनिवाडा करीत असे, रोगनिदान करण्याचे सोंग आणीत नसे. ज्याला आपण अधम म्हणतो तो उत्तमही होऊ शकला असता, हे त्या शब्दातच गृहीत होते. ‘सायकोपॅथ’ या शब्दात तसली वाट ठेवलेली नाही. हा माणूस जन्मतःच असा आहे, त्याच्या मेंदूत दयेची जागाच रिकामी आहे, डॉक्टरांनी यंत्रात घालून ते पाहिले आहे, म्हणून आता त्याच्याविषयी बोलण्यासारखे काही उरलेले नाही, असा एकूण आशय. विज्ञानाच्या नावावर एवढा मोठा निकाल लागत असेल, तर विज्ञान खरोखर काय म्हणते हे विचारण्याचा अधिकार आम्हां सामान्यांस असला पाहिजे. आम्ही डॉक्टर नाही. परंतु ज्याला माणसाच्या अंतःकरणाचा व्यवहार रोज ऐकावा लागतो, त्याने या प्रश्नाची वाट चुकवून चालत नाही.

घोटाळा आपल्या भाषेपासूनच सुरू होतो. ‘मनोविकृत’ हा एकच शब्द आपण दोन अगदी निराळ्या माणसांसाठी वापरतो. एकाचा वास्तवाशी संबंध तुटलेला असतो, त्याला नसलेले आवाज ऐकू येतात. दुसऱ्याचे भान पूर्ण शाबूत असते, पण दुसऱ्याच्या वेदनेने तो हलत नाही. मुंबईच्या उपनगरांत १९६८ साली फुटपाथवर व झोपड्यांत निजलेल्या गरिबांना रात्री ठेचून मारणाऱ्या रमण राघवचे उदाहरण घ्या. त्याला ओळखून पकडणारे उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांचे नाव आपल्या समाजातील जुन्या मंडळींना ठाऊक असेल. रमण राघवला आजही सर्रास सायकोपॅथ म्हटले जाते. प्रत्यक्षात १९६९ साली फाशीची शिक्षा झाल्यावर त्याची तपासणी करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला जुनाट स्किझोफ्रेनिया असल्याचा निर्वाळा दिला होता. उच्च न्यायालयाने १९८७ साली त्याची शिक्षा जन्मठेपेवर आणली आणि १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला. भ्रमाने ग्रासलेल्या रोग्याला आपण थंड डोक्याचा क्रूरकर्मा ठरविले, आणि याच चुकीची दुसरी बाजू अशी की, आमच्या गावांतून भटकणाऱ्या एखाद्या बिचाऱ्या वेड्याला मुले दगड मारतात तेव्हा थोरांना त्यात काही वावगे वाटत नाही. तो ‘धोकादायक’ असतो ना!

मग ज्याला शास्त्र सायकोपॅथी म्हणते ते काय आहे? हर्वी क्लेकली या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९४१ साली आपल्या ग्रंथात अशा माणसांचे वर्णन केले: बोलायला गोड, बुद्धीने तल्लख, भ्रम नाही, चिंता नाही, मात्र लाज नाही, पश्चात्ताप नाही, प्रेमाचे शब्द येतात पण त्यांच्यामागे काही नाही. कॅनडाचे रॉबर्ट हेअर यांनी त्यावरून वीस लक्षणांची एक तपासणी-सूची तयार केली. ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. प्रत्येक लक्षणास शून्य ते दोन गुण, एकूण चाळीस. तीस किंवा अधिक गुण मिळाले तर सायकोपॅथ म्हणावे, असा उत्तर अमेरिकेतील प्रघात. येथे वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. तीस आणि एकोणतीस यांच्यामध्ये निसर्गाने कोणतीही भिंत घातलेली नाही. ती रेघ माणसांनी ओढलेली आहे. आणि तुरुंगातील बहुसंख्य कैदी या कसोटीला उतरत नाहीत. म्हणजे ‘खुनी तो सायकोपॅथ’ हे समीकरण ती कसोटी तयार करणाऱ्यांनाच मान्य नाही.

भावनेचा भाग यापुढचा. आपल्याला एकदा चटका बसला की दुसऱ्यांदा त्या वस्तूकडे हात जाताना आधीच तळहाताला घाम फुटतो. डेव्हिड लिकेन यांनी १९५७ साली दाखविले की, अशा कैद्यांमध्ये ही आगाऊ भीती फार क्षीण असते. शिक्षा ठाऊक असूनही तिची धास्ती अंगात उतरत नाही. ख्रिस्तोफर पॅट्रिक यांचा १९९३ सालचा प्रयोग याहून साधा आहे. अकस्मात मोठा आवाज झाला की आपण डोळे मिटतो. समोर भयानक चित्र असेल तर अधिकच जोराने मिटतो. या कैद्यांच्या बाबतीत भयानक चित्राने ती वाढ होत नव्हती. पुढे जेम्स ब्लेअर यांनी मांडणी केली की, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील भीती व दुःख हा प्राणिमात्रांतील एक लगाम आहे. समोरचा भ्याला, रडला, की आपला उगारलेला हात आपोआप ढिला पडतो. ज्यांना भ्यालेला चेहरा नीट ओळखताच येत नाही, त्यांच्यात हा लगाम सैल असतो. मेंदूच्या दोन्ही बाजूंस कानशिलांच्या आत खोलवर बदामाच्या आकाराचा एक पुंजका असतो, त्याला ॲमिग्डला म्हणतात. भीतीची खूणगाठ बांधण्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्याचे आणि कपाळामागील, डोळ्यांच्या वरच्या भागातील मेंदूचे दळणवळण या लोकांत कमजोर असल्याचे अनेक प्रतिमा-अभ्यासांत आढळले आहे.

आपल्या भाषेने हे सारे फार पूर्वी एका शब्दप्रयोगात सांगून ठेवले होते: उलट्या काळजाचा माणूस. काळीज आहे, पण उलटे. शास्त्रज्ञांच्या तपशिलाविषयी आम्हांस आदर आहे आणि वरील प्रयोग आम्ही खोटे मानीत नाही. धर्मगुरूने मेंदूच्या संशोधनाला घाबरावे असे आमच्या सेमिनरीतील गुरुजनांनी आम्हांस कधी शिकविले नाही. आमचे भांडण आहे ते या प्रयोगांतून बाजारात आणलेल्या निष्कर्षाशी.

सरासरी ही माणसाची जन्मपत्रिका नव्हे. तीस जणांचा एक गट आणि तीस जणांचा दुसरा गट घेऊन त्यांच्या मेंदूतील हालचालीची सरासरी काढली, तर फरक दिसतो. पण दोन्ही गटांतील कित्येक माणसे एकमेकांच्या हद्दीत पसरलेली असतात. विदर्भातील माणसे कोकणातील माणसांपेक्षा अधिक तिखट खातात असे समजा सिद्ध झाले, म्हणून ताटात ठेचा दिसला की जेवणारा वऱ्हाडी, असे कोणी म्हणेल काय? मेंदूचे एक चित्र पाहून ‘हा सायकोपॅथ’ असे सांगू शकणारे यंत्र आज जगात कोठेही नाही. जेम्स फॅलन या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाला आपल्या अभ्यासाच्या चित्रांमध्ये एक चित्र अगदी खुनी मेंदूसारखे आढळले आणि ते त्याचे स्वतःचे निघाले, हे त्यानेच जगजाहीर केले आहे. गृहस्थ प्राध्यापक, घरसंसार असलेला. त्याने कोणाचा खून केलेला नव्हता.

याहून बोलके उदाहरण एका अमेरिकन स्त्रीचे आहे. शास्त्रीय लिखाणात ती केवळ ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. एका दुर्मिळ आनुवंशिक रोगाने तिचे दोन्ही ॲमिग्डला नष्ट झाले. तिला साप, अंधार, चाकू यांची भीती वाटत नाही. भ्यालेला चेहराही ओळखता येत नसे. दयेची जागाच रिकामी म्हणायची तर हिच्याइतकी रिकामी कोणाची? पण ती क्रूर नाही. तिने मुले वाढविली, लोकांशी ती आपलेपणाने वागते. राल्फ अडॉल्फ्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली तिच्याबाबत एक गोष्ट शोधून काढली, जी वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. ही बाई समोरच्याच्या डोळ्यांकडे आपण होऊन पाहतच नव्हती. ‘डोळ्यांकडे बघ,’ एवढेच तिला सांगितले, आणि भ्यालेला चेहरा तिला इतरांसारखा ओळखता येऊ लागला. सांगणे थांबले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मार्क डॅड्स यांनी कोरड्या, निर्दय स्वभावाच्या मुलांवर हाच प्रयोग केला. निष्कर्ष तोच.

नेदरलँड्समध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच दिशेचा आहे. सायकोपॅथ ठरलेल्या गुन्हेगारांना एका हाताने दुसऱ्या हाताला दुखविल्याची दृश्ये दाखविली. नुसते पाहताना त्यांच्या मेंदूतील सहवेदनेच्या जागा इतरांपेक्षा मंद होत्या. मग त्यांना सांगण्यात आले, ‘त्या माणसाला काय वाटत असेल ते तुम्ही अनुभवून पाहा.’ फरक बव्हंशी मिटला. म्हणजे विहिरीत पाणी आहे. ते आपोआप वर येत नाही, पोहरा टाकावा लागतो. पोहरा टाकण्याची इच्छा त्यांना सहसा होत नाही, हेही खरे, आणि आमच्या मते खरा प्रश्न तेथे आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी दयेचा विचार करताना नुसता उमाळा आणि विवेकाच्या आज्ञेत चालणारी दया यांत भेद केला होता. सद्गुण त्यांनी दुसरीस म्हटले. ज्याला उमाळा उपजत मिळाला त्याची ती मिळकत नव्हे, आणि ज्याला तो मिळाला नाही त्याचा तो अपराध नव्हे. अपराध पुढे सुरू होतो. भल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील याजक आणि लेवी यांनी जखमी माणसाला पाहिले होते, हे पवित्र शास्त्रात स्पष्ट आहे. पाहूनही ते रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून गेले. त्यांच्या ॲमिग्डलात काही बिघाड होता असे कोणत्याही भाष्यकाराने म्हटलेले आमच्या वाचनात नाही.

आणि येथे विदर्भातील माणसाने दूर जाण्याचे कारणही नाही. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची जमावाने हत्या केली. मारणारे शेजारी होते. त्यांना बायकामुले होती, गुरेढोरे होती, सणवार होते; आपल्या घरच्या लेकरास ताप आला तर त्यांचाही जीव वरखाली होत असणार. भ्यालेला चेहरा त्यांना ओळखता येत नव्हता काय? तो ओळखूनही हात ढिला पडला नाही. कारण समोरच्याचे भय हे आपल्यासारख्याच माणसाचे भय आहे, हे मान्य करायचे नाही असे आधीच ठरलेले होते. सायकोपॅथीची उपपत्ती येथे काडीच्या उपयोगाची नाही. मात्र ‘विकृत’ हा शब्द तेव्हाही वापरला गेला, आणि तो वापरणाऱ्यांची सोय अशी झाली की गाव, जात, जमीन, पोलीसठाणे यांविषयी बोलावे लागले नाही. क्रौर्य चार कवट्यांत कोंडून टाकले की उरलेल्यांच्या कवट्या निर्धास्त होतात.

मेंदूच्या यंत्रावर अंधविश्वास ठेवण्याचा इतिहास आपल्या महाराष्ट्राला आहेच. पुण्याच्या सत्र न्यायालयाने जून २००८ मध्ये पूर्वीच्या वाग्दत्त वरास विष दिल्याच्या आरोपावरून एका तरुणीस जन्मठेप दिली. पुराव्यांत तिच्या मेंदूची एक विद्युत्-चाचणीही होती. डोक्यावर विद्युतग्रांची टोपी बसवायची, आरोपीने काही न बोलता समोरून ‘मी विष विकत घेतले’ अशी वाक्ये ऐकायची, आणि संगणकाने सांगायचे की हा प्रसंग तिने स्वतः अनुभवलेला आहे किंवा नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ चंपाडी रामन मुकुंदन यांनी ही पद्धत विकसित केली होती. जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी कपाळाला हात लावला. निम्हान्सच्याच संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत शास्त्रीय नाही असा अभिप्राय दिला होता. तरुणीला पुढे उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला की, संमतीवाचून अशा चाचण्या करणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे. ही चाचणी सायकोपॅथीची नव्हती, हे आम्ही जाणतो. पण खाटेवर पडलेल्या माणसाच्या डोक्यातील रेघा वाचून त्याचे अंतःकरण वाचल्याचा दावा, आणि त्या दाव्यापुढे विद्वानांचेही भान हरपणे, हे दोन्ही ठिकाणी सारखेच आहे.

ज्यांना हा शिक्क्याचा प्रकार नवा वाटतो त्यांनी आमच्या भागातील पारध्यांच्या एखाद्या बेड्यावर जाऊन यावे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. विणकराचे पोर विणकर होते तसे चोराचे पोर चोर होते, असा त्या कायद्यामागील युक्तिवाद होता. पाचच वर्षांनी, १८७६ साली, इटलीत चेझारे लोम्ब्रोझो याने जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. कवटीचा आकार, जबडा, कान आणि हातांची लांबी मोजून तो गुन्हेगार ओळखत असे. तोही शास्त्रज्ञच म्हणवीत होता. इकडे कित्येक जमातींना ठाण्यावर हजेरी लागली, गाव सोडायला परवाना लागला, काहींना सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआडच्या सेटलमेंटमध्ये ठेवण्यात आले. देशात अशा कित्येक वसाहती मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनीही चालविल्या, हे ख्रिस्ती वाचकांनी माहीत करून घेतलेले बरे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला गेला; मात्र मोटारसायकल चोरीला गेली की पहिली जीप कोठे जाते हे मालेगाव तालुक्यातील शाळकरी पोरही सांगेल.

एक विचार आमच्या मनात नेहमी येतो. तितराचा फासा लावणाऱ्या माणसाला पाखराची चाहूल, त्याचे बिचकणे, मानेचा झटका हे सर्व वाचता यावे लागते. भीती ओळखण्याची विद्या ज्यांची पिढीजात, त्यांनाच आम्ही काळीज नसलेले म्हणत आलो.

उद्या कोणी पारध्याच्या वा अन्य कोणाच्या पोराच्या मेंदूचे रंगीत चित्र काढून दाखवील, तेव्हा लोम्ब्रोझोची मोजपट्टी हाती आल्याची आठवण होवो. हे भय काल्पनिक नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली बचनसिंग खटल्यात फाशीसाठी ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ही कसोटी घालून दिली आणि आरोपी सुधारण्यापलीकडे गेला आहे हे सरकारने पुराव्याने दाखवावे असे सुचविले. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले: फाशी द्यावयाची असेल तर आरोपीचा मानसशास्त्रीय अहवाल न्यायालयापुढे आलाच पाहिजे. निर्णय मोठ्या करुणेचा आहे. माणसाचे बालपण, त्याचे दारिद्र्य, त्याचा आजार न पाहता त्याला दोर लावू नये हा त्याचा हेतू. परंतु त्याच अहवालात कोणी घाईने ‘सायकोपॅथ, सुधारणे अशक्य’ एवढे चार शब्द लिहिले, तर जीव वाचविण्यासाठी काढलेली वाट फासाच्या खोलीत उघडते. लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ न येणाऱ्या या देशात तो अहवाल कोण लिहिणार, किती भेटींनंतर लिहिणार, आरोपीची बोली त्याला समजत असणार काय? वाशीमच्या आरोपीची वऱ्हाडी समजून न घेता त्याच्या उत्तरांतील ‘भावशून्यता’ मोजणे हा आम्हांस विनोद वाटतो, आणि त्या विनोदावर कोणाचा तरी जीव टांगलेला असू शकतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात २००९ साली एका खुन्याच्या वकिलांनी मेंदूची प्रतिमा दाखवून दयेची याचना केली होती. पंचांनी मृत्युदंडच दिला. बिघडलेला मेंदू हे कोणाला माफीचे कारण वाटते, कोणाला दुरुस्त न होणारे यंत्र मोडीत काढण्याचे.

आम्हांस विचारले जाते, ‘फादर, तुमच्या बहिणीच्या मुलीवर असा प्रसंग आला असता तर हेच लिहिले असते काय?’ प्रश्न रास्त आहे, आणि पीडितांच्या घरी बसून आम्ही तो ऐकलेला आहे. अशा घरात मेंदूविषयी बोलू नये; गप्प बसावे, दिवसकार्याला हजर राहावे, वकिलाच्या फेऱ्यांत बरोबर जावे. अपराध्याची जबाबदारी एका कणानेही कमी करावी असे आमचे म्हणणे नाही. कायद्याचेही नाही. पूर्वीच्या दंडसंहितेचे चौऱ्याऐंशीवे कलम, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचे बाविसावे, ज्याला कृत्याचे स्वरूप कळत नाही अशा माणसास सोडते. ज्याला कळते पण वाटत नाही, त्यास नव्हे. आम्हांस हा भेद योग्य वाटतो. कोरड्या काळजाच्या माणसालाही ‘हे करू नये’ हे ठाऊक असते, नाही तर त्याने पुरावा लपविला नसता. तो तुरुंगात असावा, गरज असेल तर जन्मभर असावा. कॅथोलिक ख्रिस्तसभेने २०१८ साली धर्मशिक्षणग्रंथातील फाशीविषयीचा परिच्छेद बदलून मृत्युदंड अस्वीकार्य ठरविला, त्यातही समाजाचे संरक्षण करण्याचे कर्तव्य कायम आहे. जबाबदार धरणे हा माणसाचा मान आहे; यंत्राला कोणी जबाबदार धरीत नाही. ‘मेंदूच तसा’ म्हणणारा त्या माणसाकडून अपराधही काढून घेतो आणि पश्चात्तापही. पुण्यात १९७६-७७ साली दहा खून करणाऱ्या चार कलाविद्यार्थ्यांहून थंड डोक्याची माणसे महाराष्ट्राने क्वचितच पाहिली असतील. त्या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांपैकी मुनव्वर शाह याने तुरुंगात आत्मकथन लिहिले, त्याचे नावच ‘येस आय ॲम गिल्टी’ असे आहे. ते किती खरे, किती लिहिण्याच्या ओघातले, याचा हिशेब देवापाशी. पण ते लिहिले गेले.

सुधारणा अशक्य, हा तर सर्वांत बेजबाबदार दावा. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मेंडोटा येथे १९९५ पासून अतिशय हिंसक मुलांसाठी एक केंद्र चालते. त्यांतील कित्येकांत सायकोपॅथीची लक्षणे ठळक होती. येथे शिक्षेपेक्षा रोजच्या बारीकशा चांगल्या वागणुकीला तत्काळ मोबदला देण्यावर भर आहे. कारण अशा मुलांना शिक्षेची धास्ती पोहोचत नाही, बक्षिसाची ओढ मात्र पोहोचते. सुटकेनंतरच्या वर्षांत, नेहमीच्या सुधारगृहांत राहिलेल्या तशाच मुलांच्या गटाकडून सोळा खून झाले. मेंडोटातील गटाकडून एकही नाही.

धर्मग्रामातील कुटुंबांशी आमचा खरा वाद याच ठिकाणी आहे, कारण न्यायालयात आपण क्वचित जातो, पोरे मात्र घरोघरी आहेत. कुत्र्याच्या पिल्लाला छळणारा, खोटे बोलताना डोळा न लववणारा, धाकटीला ढकलून शांतपणे जेवायला बसणारा मुलगा घेऊन आई दाराशी येते. ‘फादर, या पोराले काळीजच नाही,’ म्हणते. बापाचा पट्टा तोवर झिजलेला असतो. कोणी बाहेरची बाधा म्हणतो, कोणी आजोबावर गेला म्हणतो, आणि आता कोणी मोबाइलवर वाचून सायकोपॅथही म्हणू लागला आहे. आजोबावर जाण्यात तथ्य नाही असे नाही. इंग्लंडमधील सात वर्षांच्या जुळ्या मुलांच्या २००५ सालच्या अभ्यासात या कोरड्या स्वभावाच्या तीव्र रूपाचा सुमारे दोन तृतीयांश भाग आनुवंशिकतेशी निगडित आढळला. पण दत्तक मुलांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यापुढे ठेवून वाचावा. ५६१ कुटुंबे होती. जन्मदात्या आईकडून असा वारसा आलेल्या बाळांना दत्तक आईने अठराव्या महिन्यात भरभरून शाबासकी दिली, त्या बाळांत तो वारसा सत्ताविसाव्या महिन्यात प्रकट झालाच नाही.

म्हणून आमचे स्पष्ट सांगणे आहे की पट्टा खुंटीला लावावा. अशा मुलास मार हा धडा नसतो. तो त्याला सोसता येतो, आणि सोसता येतो हे कळल्यावर तो तुम्हांस भीत नाही. पिल्लू कुंई करते तेव्हा त्याला जवळ बसवून पिल्लाच्या डोळ्यांकडे पाहायला लावावे, धाकटीच्या चेहऱ्याकडे पाहायला लावावे. ओरडून नव्हे, रोज, कंटाळा येईतो. भाकरीचा अर्धा तुकडा त्याने आपण होऊन कोणास दिला तर त्याच क्षणी, त्याच्याकडे पाहून, त्याची वाहवा करावी. आमच्या बोर्डिंगांतून काम करणाऱ्या बंधुभगिनींना हेच सांगणे आहे. मुलाच्या नावापुढे वहीत ‘निगरगट्ट’ असा शेरा लिहिण्यापूर्वी त्या मुलाशी शेवटचे गोड कोण बोलले होते, ते वहीत आधी लिहावे. आणि जेथे आपले हात पोहोचत नाहीत तेथे शिकलेल्या माणसाकडे जावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. मेडशीसारख्या गावातून अकोल्यापर्यंतचे गाडीभाडे न भरताही पहिला प्रश्न विचारता येतो.